पाताळीचे पाषाण

शरदाचे ऊन ताम्रवर्णी होते. हिमशुभ्र शिखरांवरून ते ओघळत होते, जर्दाळूच्या पिवळ्या पानांवर थबकत होते, आणि खाली, दूर खाली, नदीच्या करड्या पाण्यात विझत होते.

बोगद्याच्या तोंडातून वाफ येत होती.

त्या वाफेकडे पाहत शाल्मली देवधर उभी होती. वीजप्रकल्पाची भूगर्भशास्त्रज्ञ. हा हिमालयी डोंगर वाचायला तिला आणले होते. तिने तो वाचला होता, आणि वाचलेले साहेबांना सांगितलेही होते. आज सकाळी याच बोगद्यात उकळत्या पाण्याचा लोंढा फुटला आणि सिदू वाघमोडे, माणदेशातून आलेला, अंगावरची हळदही न उतरलेला सिदू, ड्रिलला बिलगलेलाच गेला.

क्रोध होता. धूम्रहीन, शब्दहीन, शुभ्र क्रोध.

युगांपूर्वी ही भूमी ताणली गेली होती. भिजल्या कणकेसारखी ताणली गेली, लांबली, पातळ झाली. आणि तिचा वरचा थर मंद उताराच्या एका भेगेवरून कणाकणाने बाजूला घसरला. माथ्यावरचे ओझे सरले, तसे खालचे पाषाण उचलले गेले. पाताळीचे पाषाण, अंधाराचे पाषाण, अग्निगर्भ पाषाण! घुमटासारखे फुगत, अंगावर ताणाच्या रेघा आणि गार्नेटच्या लाल खड्यांचे रक्तबिंदू मिरवत ते उजेडाकडे आले. आले, पण निवले नाहीत. वरचा खडक थंड, खालचा तप्त. आणि दोहोंमध्ये घसरणीचा तो पट्टा, चुरडलेला, चिखलासारखा मऊ, तापल्या पाण्याने तुडुंब.

"आधी बारीक भोकं पाडून तिथलं पाणी काढा, मगच पुढे जा," असे ती उन्हाळ्यात म्हणाली होती, पावसाळ्यात म्हणाली होती. प्रकल्पप्रमुख इनामदार हसले होते. "बाई, डोंगराला भिऊन वीज मिळत नाही."

तेच इनामदार आता जीपमधून उतरले. मजुरांपुढे हात जोडले. आवाज लोण्यासारखा मऊ केला.

"डोंगर लहरी असतो, बाबांनो. दैवापुढे कुणाचं चालतं? पाणी ओसरलंय. संध्याकाळची पाळी आत जाईल."

शाल्मलीच्या कानशिलात रक्त घणघणले.

"डोंगराला कसली लहर?" ती कडाडली. "माणूस जन्मला नव्हता तेव्हापासून तो असाच आहे. लहर तुमची होती, साहेब! कुठे पाणी आहे, किती तापलंय, सगळं सांगितलं होतं मी तुम्हाला."

जमिनीवर बसलेल्या एका माणसाने मान वर केली. सिदूचा थोरला भाऊ हणमंत. भाजलेल्या हातांना पट्ट्या, डोळे कोरडे, लाल.

"बाई," तो म्हणाला, "तुमास्नी ह्ये ठावं हुतं?"

"होतं."

"मग त्यास्नी सांगितलंसा. माझ्या भावाला का न्हाई सांगितलंसा?"

तिचा सारा शुभ्र क्रोध, इनामदारांवर रोखलेला, गर्रकन वळला आणि तिच्याच उरात रुतला. साहेबांना सांगितले, साहेबांच्या भाषेत सांगितले, आणि आपण सुटलो असे मानले. ड्रिल मात्र सिदूच्या हातात होते.

 

ती हणमंतासमोर मातीत बसली. लोंढ्याबरोबर बाहेर आलेल्या ढिगाऱ्यातला तो चुरडलेला, अजून कोमट असलेला चिखल तिने ओंजळीत घेतला आणि सांगू लागली. भूमी कशी ताणली, खोलातले वर कसे आले, पाणी कुठे दडले, अजून किती दडले आहे. साध्या शब्दांत, रडवेल्या आवाजात, एक अक्षर न लपवता. एकेक करून माणसे जवळ सरकली. चिखल या हातातून त्या हातात गेला.

"पाळीला चला!" इनामदार ओरडले. "नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

हणमंत उठला, बोगद्याच्या तोंडाशी गेला आणि तिथेच, वाटेत आडवा, मांडी घालून बसला. मग शाल्मली त्याच्या शेजारी. मग सारे.

भोंगा वाजला. या कड्यावर आदळला, त्या कड्यावर आदळला, दरीभर घुमला, थकला, विरला. एकही माणूस उठला नाही.