अव्वाची रिकामी प्लेट

"ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिनची सुई द्यायची नाही. आणि सुई दिली की घास पोटात जाताना डोळ्यांनी बघायचं," असं लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सुकन्याला बजावलं होतं. सुकन्यानं मान हलवली, पण मनात म्हणाली, हे मला काय सांगता? बी.एस्सी. झालेली बाई मी. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पोराच्या हातात पुडा देत नाही.

आता ते वाक्य आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

सासूच्या, म्हणजे कमलम्माच्या (सुकन्या तिला अव्वा म्हणायची), डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलेलं, पण साखर उतरेना. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, आधी साखर आणा खाली, मग बघू. तेव्हापासून सुकन्यानं घराचा ताबाच घेतला. चहातली साखर गेली, शेव गेली, आणि नांदेडला निघायच्या आदल्या संध्याकाळी अव्वाच्या पिशवीत तळाशी दडवलेल्या लिमलेटच्या गोळ्याही गेल्या.

"पिशवीला हात लावून राहिली का माझ्या?" कमलम्मा कडाडली.

"अव्वा, विष आहे हे तुम्हाला."

"लई शिकलीस ग बाई. उद्या पान्यात किती साखर हाय तेबी वाचून दाखीव."

सकाळची पहिली गाडी धरायची होती. नवरा मल्लिनाथ किल्लारीला कारखान्यावर, रात्रपाळीला. म्हणजे चार वर्षांचा शिवांश, पाण्याच्या बाटल्या, फाइल आणि सासू, सगळं एकटीनं ओढायचं. बसस्टँडवर लुगडं सैल करून पोटात सुई घ्यायला अव्वा लाजायची, म्हणून सुकन्यानं इन्सुलिन घरीच टोचलं. अर्ध्या-पाऊण तासाचाच तर प्रश्न, त्यांच्या गावाहून अहमदपूर तेवढंच, तिथं गाडी थांबली की नाष्टा. कमलम्मा अंघोळ करून पाटावर बसतच होती. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले बघून सुकन्याला वाटलं, झाली पूजा. "चला अव्वा, गाडी चुकेल!" म्हणत तिनं सासूला दंडाला धरून उठवलं. कमलम्मा काहीतरी म्हणाली. शिवांश बूट घालू देत नव्हता, त्या रडारडीत ते ऐकायचं राहून गेलं.

रस्त्याचं काम चाललेलं. गाडी धुळीत रखडत रखडत अहमदपूरला पोचली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

स्टँडसमोरच्या गाड्यावर वडे तळत होते. पुरीभाजीची कढई, तेलानं पारदर्शक झालेल्या कागदावरचे समोसे, दुधाळ गोड चहा. सुकन्यानं सगळ्यावर एक कडक नजर फिरवली.

"इडली ताजी आहे का? वाफेतनं काढून द्या. चटणी नको. सांबारात गूळ घालता का?"

"घालतो थोडा," गाडेवाला म्हणाला.

"मग सांबार नको. नुसत्या चार इडल्या."

"नुसती इडली? घशात अडकल की म्हातारीच्या!"

"अडकू दे," कमलम्मा म्हणाली, "माझी सून पुस्तकात बघून काढंल."

गाडेवाला हसला, सुकन्याही हसली. तेवढ्यात शिवांशला शू लागली. त्याला घेऊन ती धावली, आणि परत येऊन बघते तर अव्वाच्या हातातली कागदी प्लेट साफ रिकामी.

"खाल्लं?"

"खाल्लं की."

सुकन्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तेल नाही, गूळ नाही, मैदा नाही. गाडीत चढताना ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती.

अहमदपूर मागे पडलं. कमलम्मानं खिडकीला डोकं टेकलं. झोपली, बरं झालं, असं म्हणून सुकन्यानं शिवांशला मांडीवर घेतलं. कितीतरी वेळ ती तशीच बसून होती. मग पोराचा पाय आजीच्या हाताला लागला आणि तो म्हणाला, "मम्मी, आज्जी ओली हाय."

अव्वाच्या चोळीच्या बाह्या घामानं चिंब. कपाळावरची विभूती ओघळून भुवईत आलेली. हात गार.

"अव्वा! अहो अव्वा!"

कमलम्मानं डोळे उघडले, पण ते सुकन्याला ओळखत नव्हते. "सोड मला," ती जीभ जड झाल्यासारखी बोलली आणि तिनं सुनेचा हात झटकला.

साखर नको तेवढी उतरली होती, आता गोडच हवं होतं. सुकन्यानं सासूची पिशवी मांडीवर उपडी केली. लिमलेट! पण लिमलेट तर तिनंच काढून टाकलेल्या. पिशवीतून पडली ती कागदात गुंडाळलेली पुडी. आत चार इडल्या, एकीलाही दात न लागलेल्या.

"अव्वा, हे काय? खाल्लं नाहीत?"

"पूजा... पूजा व्हायची हाय."

आणि मग सुकन्याला सकाळचं कमलम्माचं न ऐकलेलं वाक्य कळलं. अंघोळ झाली होती, विभूती लावून झाली होती, पण गळ्यातलं लिंग तळहातावर यायचं होतं. त्याआधीच सुनेनं तिला उठवलं. जन्मात लिंगपूजेआधी पाण्याचा थेंब न घेतलेली बाई, तिनं इडली पिशवीत लपवली आणि सुनेचं व्याख्यान नको म्हणून रिकामी प्लेट दाखवली.

"कुणाकडं गोड आहे का? साखर? काहीही द्या!" सुकन्या उभी राहून ओरडली. तिच्याकडे भाजलेले फुटाणे होते, मोड आलेली मटकी होती. गोड म्हणून कण नव्हता.

"काय झालं?"

"शुगर आहे हो त्यांना!"

"शुगर हाय अन् गोड मागून राहिलीस?" मागची एक बाई म्हणाली. "मारतीस का म्हातारीला? कांदा हुंगवा!"

"उतरलीय हो शुगर, उतरलीय!" सुकन्या रडायला लागली होती.

पुढच्या सीटवरचे एक चाचा मागे वळले. नातवंडासाठी घेतलेली आंब्याच्या थंड्याची बाटली त्यांनी टोपण काढूनच पुढे केली. "ले बेटी. गफूर नाव माझं. आमच्या घरात बी हाय हे दुखणं. लवकर पाज."

पण कमलम्मानं दात आवळले. बाटली तोंडाजवळ नेली की मान वळवायची. "न्हाई. पूजा." थंडा हनुवटीवरून लुगड्यावर सांडला. डोळे मिटायला लागले. शिवांश भोकाड पसरून रडत होता.

सुकन्यानं एक क्षण त्या बाटलीकडे बघितलं. मग तिनं सासूच्या गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग काढून अव्वाच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आपल्या हाताचा आधार खाली दिला, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीतून पाणी शिंपडलं आणि कानाशी म्हणाली, "अव्वा, पूजा चाललीय. ॐ नमः शिवाय म्हणा."

ओठ हलले.

"झाली पूजा अव्वा. तीर्थ घ्या."

तिनं थंडा टोपणात ओतला आणि अव्वाच्या ओठांशी धरला. कमलम्मानं घेतला, गिळला. आणखी एक टोपण. आणखी एक. "तीर्थ आहे अव्वा, घ्या." कांदा सांगणारी बाईसुद्धा हात जोडून बसली होती.

ड्रायव्हरनं गाडी थेट लोह्याच्या दवाखान्यात घातली. तिथं सलाइन लागलं. दुपारी कमलम्मानं सुनेला नावानं हाक मारली, तेव्हा सुकन्या पलंगाच्या लोखंडी दांड्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण घरी आल्यावर शिवांश म्हणाला, "आज्जीनं सगळा थंडा पिला, मला न्हाई दिला."

"कवा पिले रे मी थंडा?"

"गाडीत. पूजा करून."

कमलम्मानं सुनेकडे बघितलं. मग म्हणाली, "लिंग हातात देऊन खोटं बोललीस?" त्यानंतर ती सुकन्याशी बोललेली नाही. सुई स्वतः टोचून घेते, इन्सुलिनच्या पेनाचे टकटक आवाज मोजून. पूजा दार लावून करते. झाली की नाही, कळत नाही. येत्या गुरुवारी डोळ्याची तारीख आहे आणि ती एकटी जाणार आहे. भाचा नांदेडच्या स्टँडवर येईल म्हणते. "ही गाडीत चढली तर मी उतरीन," असं तिनं मल्लिनाथला सांगितलंय, आणि ती उतरेल.

सुकन्यानं पिशवीत लिमलेट परत ठेवल्या आहेत. कमलम्मानं त्या काढून चुलीजवळ ठेवल्या.

म्हणून सुकन्याचं मागणं तुमच्यापाशी आहे. गुरुवारी सकाळच्या लातूर-नांदेड गाडीत तुम्ही असाल, तर खिडकीशी बसलेली, हिरव्या इरकली लुगड्यातली, कपाळावर आडवे पट्टे असलेली म्हातारी शोधा. अहमदपूरला ती तुम्हाला रिकामी प्लेट दाखवेल. विश्वास ठेवू नका, पिशवीत बघा. आणि पुढे तिनं खिडकीला डोकं टेकलं, तर झोपली असं समजू नका. हात लावून बघा, गार आहे का. हलवा तिला. शिव्या देईल. देऊ द्या.