वाट बघतो मी

प्रियदर्शनीचा आवाज असा, की कागलच्या कंपनीत तिनं स्टोअरमधनं हाक मारली तर गेटवरचा वॉचमन उठून उभा राहायचा. या आवाजाचं काहीतरी झालंच पाहिजे, असं धैर्यशीलच्या डोक्यानं घेतलं. हा तिचा कॉलेजातला मित्र. लग्नात कीबोर्ड वाजवायचा आणि स्वतःला संगीतकार म्हणवून घ्यायचा. घेऊ दे की, कुणाच्या बापाचं काय जातंय!

राजारामपुरीतल्या त्याच्या खोलीत भिंतींना आईच्या वाकळा टांगल्या आणि झाला स्टुडिओ. शेजारच्या गवळ्याची म्हैस ओरडली की परत पहिल्यापासनं गायचं. असे बरेच रविवार गेले, पण गाणं झालं. पन्हाळ्याच्या वळणावर स्कूटी लावून उभी असलेली पोरगी, वेळेवर न येणारा गडी, आणि धृपद 'वाट बघतो मी'.

इथंच तर घोळ झाला. धैर्यशीलनं लिहिलं होतं 'बघते'. पण आमच्याकडं बाईमाणूससुद्धा आलो, गेलो, जेवलो असंच म्हणतं. जन्मात कधी 'बघते' न म्हटलेली पोरगी गाण्यात कुठनं म्हणणार? धैर्यशीलनं कानाला हेडफोन लावून ते गाणं शंभरदा ऐकलं, तरी त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. त्याची आई, बहीण सगळ्या तशाच बोलतात, त्याला खटकणार कसं?

गाणं यूट्यूबवर पडलं. कंपनीच्या बसमध्ये पोरी ते घसा फाडून म्हणायला लागल्या, हातकणंगल्याच्या मावशीनं रिंगटोन लावली. प्रियदर्शनीचे पाय जमिनीला लागेनात.

मग ते कोल्हापूरच्या बाहेर गेलं. आवाज मुलीचा आणि क्रियापद मुलाचं कसं, असं एकानं विचारलं. आधी व्याकरण शिका, मग गा, असं दुसऱ्यानं सुनावलं. कॅन्टीनमध्ये बसून तिनं ते सगळं वाचलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशात मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आला. गाणं आमच्या चॅनेलवर घेतो, महाराष्ट्रभर वाजवतो, फक्त 'बघते' करून द्या आणि जुनं काढून टाका. अहो, सगळ्या महाराष्ट्रानं आपल्याला ऐकावं हेच तर तिला हवं होतं! तिनं लगेच गाणं परत गायलं. जीभ आवरून, आवाज जपून, एकेक अक्षर तोलून. एकदम शुद्ध झालं, असं धैर्यशील म्हणाला. आता नुसतं पाठवायचं राहिलं होतं. पण आधी आईला ऐकवावं म्हणून ती घरी आली.

सीताबाई नुकत्याच बस्तीतनं, म्हणजे त्यांच्या देवळातनं, दर्शन घेऊन आल्या होत्या. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं भाकरी थापण्याची घाई. त्यांनी थापता थापताच सगळं गाणं ऐकलं.

"चांगलं हाय की," त्या म्हणाल्या. "कुणाचं हाय?"

प्रियदर्शनीला हसू आलं. आई चेष्टा करतेय असंच तिला वाटलं. पण सीताबाई खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या.

तिनं गाणं परत लावलं. गाणारी पोरगी चांगली होती, गुणाची होती. बघायला आलेल्या पावण्यांसमोर पोह्यांची बशी घेऊन बसावी तशी गात होती. प्रियदर्शनीला स्वतःचा भयंकर राग आला. पोटची पोरगी आईला ओळखू येईना, असलं गाणं घेऊन महाराष्ट्रभर कुठं फिरायचं?

तिनं तिथनंच मुंबईला फोन लावला आणि जुनंच गाणं राहील, पाहिजे तर तेच घ्या, म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसानं बरंच समजावलं. अशी संधी परत येत नसते, असंही म्हणाला. तिनं सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय म्हणालास?" सीताबाईंनी ताट वाढत विचारलं.

"न्हाय म्हणालो," प्रियदर्शनी म्हणाली. किती दिवसांनी तिला स्वतःचा आवाज आवडला.

"बरं केलास. बस जेवायला."