चार खुर्च्यांची सुबत्ता

“कुणी विचारलं, कसं चाललंय, तर ‘छान’ म्हणायचं आणि तिथंच तोंड मिटायचं. ‘छान’च्या पुढे बोलायला लागलं की माणसाला थांबता येत नाही.”

आईनं हे सांगितलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेचा पहिला दिवस होता, आणि आई तिच्या बाहीचं बटण लावत होती. आता ती एकोणीस वर्षांची झाली होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, रसायनशास्त्राची भलीमोठी समीकरणं तिला तोंडपाठ होती. पण कुणी काही विचारलं की तिच्या आधी आईचाच आवाज धावत पुढे यायचा.

कॉलेजात तिला ‘इस्त्री’ म्हणत. तिच्या कपड्यांना कधी चुणी नसे, म्हणून. आई घरी मशीनवर दुरुस्तीची कामं करायची: पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, झिजलेली कॉलर उसवून उलटी करून पुन्हा बसवायची. त्यामुळे इस्त्रीच्या अंगावर नवा कपडा एकही नव्हता आणि जुना एकही दिसत नव्हता. मैत्रिणींनी त्यावरून ओळखलं की ही मोठ्या घरची लाडावलेली लेक असणार. शिवाय ती कॅन्टीनला येत नसे. कॅन्टीनला न येणं हा पैशाचा माज असतो, हे ज्ञान तिला मैत्रिणींकडूनच मिळालं.

माज असा होता की घरापासून कॉलेज दोन बस दूर. पहिली बस कितीही धावत पकडली तरी सकाळचं साडेसातचं प्रॅक्टिकल निम्मं हुकायचं. निम्मं हुकलं की गैरहजेरी लागायची. आता तर नोटीसच आली होती: हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष जाणार. आणि एक वर्ष जास्तीचं काढण्याइतका दम त्यांच्या घरात उरला नव्हता, हे कुणी मोठ्यानं बोललं नाही तरी घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

अशात कॉलेजच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झाली. ती ‘गरजू व गुणी’ विद्यार्थिनीला द्यायची होती. गुण तपासायला मार्कशीट होती, गरज तपासायला समिती. समितीत दोघं होती. एक रेक्टरबाई आणि दुसरे मानसशास्त्राचे प्राध्यापक. ‘हलाखीतून चारित्र्य कसं घडतं’ हा प्राध्यापकांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यावर ते दरवर्षी सहा तास बोलत. “हलाखी ही भट्टी आहे,” असं म्हणून ते कपाळ पुसत आणि पंखा जरा वाढवायला सांगत.

अर्जात एक मोठी चौकट होती: ‘कौटुंबिक हलाखीचे वर्णन. किमान पाचशे शब्द. जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी.’ दुसऱ्या उमेदवार मुलीनं अकरा पानांची पुरवणी जोडली होती, आणि ती वाचताना प्राध्यापकांचा रुमाल ओला झाला म्हणे. इस्त्रीनं लिहिलं: ‘घर दूर आहे. जागा मिळाल्यास सकाळचे प्रॅक्टिकल चुकणार नाही.’

“बाकीचे शब्द कुठे आहेत?” रेक्टरबाईंनी विचारलं.

“एवढंच आहे, बाई.”

“घरी सगळं ठीक?”

“छान,” इस्त्री म्हणाली.

तरी मार्क चांगले होते, म्हणून समितीनं घर बघून यायचं ठरवलं. तसं पत्र आलं: शनिवारी दुपारी चार वाजता. आईनं पत्र दोनदा वाचलं, डोळ्याला लावलेला चष्मा काढला आणि म्हणाली, “चौघांची बसायची सोय करायला हवी.”

“आई, ते पाहुणे नाहीत. ते आपल्याकडे काय नाही ते बघायला येताहेत.”

“बघायला येणाऱ्यांसमोरच तर आवरायचं असतं. न बघणाऱ्यांसाठी कोण आवरतं?”

शनिवारी सकाळपासून घर आवरायला काढलं. शेजारच्या घड्याळजींकडून गादीच्या चार खुर्च्या आल्या, काचेचं टेबल आलं, सोनेरी काठाचे कप आले. एक टोले देणारं घड्याळ घड्याळजींनी आपण होऊन टांगलं. “घड्याळ असलं की घर भरल्यासारखं वाटतं, वहिनी.” दुरुस्तीला आलेले लोकांचे कपडे खाटेखाली गेले. मशीनवर चादर पडली, चादरीवर फुलदाणी आली. बाबांना दाढी करायला लावली.

बाबा रंगारी होते. तीन वर्षांपूर्वी ते शिडीवरून पडले आणि तेव्हापासून त्यांची पाठ त्यांचं ऐकेनाशी झाली. एरवी ते खाटेवर आडवे असत. आज दोन उशा पाठीशी देऊन त्यांना खुर्चीत ताठ बसवलं आणि हातात वर्तमानपत्र दिलं.

“कसा दिसतोय?” बाबांनी विचारलं.

“साहेब दिसताय,” आई म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता.

समिती चार वाजता खाली पोचली आणि चार वाजून बारा मिनिटांनी वर. चार जिन्यांनी प्राध्यापकांची भट्टी चांगलीच पेटली होती.

“लिफ्ट नाही?”

“व्यायाम होतो, सर,” आई म्हणाली.

प्राध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं. इस्त्रीनं कडेनं वाचलं: ‘आरोग्याबाबत जागरूक कुटुंब.’

“वडील सध्या काय करतात?”

“विश्रांती घेताहेत.”

‘निवृत्त,’ प्राध्यापकांनी लिहिलं. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटायचा प्रयत्न केला, पाठीतून कळ आली, आणि त्यांनी ती हसून गिळली. हसरे निवृत्त गृहस्थ पाहून प्राध्यापकही हसले. कपात चहा आला. घड्याळानं टोला दिला. घर खरंच भरल्यासारखं वाटायला लागलं.

तेवढ्यात दारात घड्याळजी उभे. “वहिनी, जरा खुर्च्या... म्हणजे मेहुणे आलेत सहकुटुंब. उभेच आहेत बिचारे.”

इस्त्रीला वाटलं, सुटलो! आता आपोआप कळेल. देवानंच मेहुण्यांना धाडलं.

पण आई उठली. चेहऱ्यावर असं औदार्य की बघत राहावं. “न्या की हो, भाऊजी! आमच्या कुठे पळून जाताहेत? काम झालं की आणून ठेवा.”

घड्याळजी मोठा समजूतदार माणूस. शेजारणीची लाज राखायची तर अर्धवट कशाला राखायची, म्हणून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. “तुमचे फार उपकार, वहिनी. तुमच्या खुर्च्या नसत्या तर आम्ही काय करणार होतो? मागे ते टेबलही दिलं होतंत.”

समिती उठली. खुर्च्या एकेक करून बाहेर गेल्या. रेक्टरबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. प्राध्यापक भारावले होते. “शेजाऱ्यांना फर्निचर वापरायला देणारं घर!” असं म्हणत त्यांनी वहीत शेवटची ओळ लिहिली: ‘परिस्थिती समाधानकारक.’ खाली दोनदा रेघ मारली.

बाबा मात्र खुर्चीतच राहिले. ती खुर्ची न्यायची हिंमत घड्याळजींना झाली नाही.

इस्त्री समितीला सोडायला जिन्यापर्यंत गेली. प्राध्यापक खाली उतरू लागले. रेक्टरबाई एक पायरी मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “हे बघ, यादी सोमवारी अकराला लागेल. त्याच्या आधी काही सांगायचं असलं तर मी ऑफिसात आहे. आत्ता सांगायचंय काही?”

इस्त्रीनं तोंड उघडलं. मशीन, खाट, पाठ, पहिली बस, सगळं ओठांवर आलं होतं.

“नाही, बाई. सगळं छान आहे.”

रेक्टरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

ती घरात आली तेव्हा आई फुलदाणी उचलून चादरीची घडी घालत होती. “झालं बाई नीट. माणसं चांगली होती. चहा आवडला त्यांना.”

“चहा आवडला, घर आवडलं, बाबा आवडले,” इस्त्री म्हणाली. “इतकं आवडलं की जागा त्या दुसरीला देणार.”

आईची घडी अर्धवट राहिली.

“ते आपली अडचण मोजायला आले होते, आई. आपण त्यांना घड्याळजींचं घर दाखवलं.”

“मग तू सांगायचंस ना! शिकलेली आहेस. जिन्यात होतीस की त्यांच्याबरोबर.”

“बाईंनी विचारलं मला. अगदी सरळ विचारलं. मी तोंड उघडलं, आणि आतून तू बोललीस.”

आईनं चादर खाली ठेवली. बाबांना हसू आलं, पण पाठीमुळे ते फार लांबवता आलं नाही. “तीन वर्षं मी पडून आहे आणि चौथ्या मजल्यावर कुणाला पत्ता नाही,” ते म्हणाले. “एवढं चोख लपवलंस तू. आता दाखवायचं म्हटलं तर आपल्यालाच सापडेना.”

“अहो, थट्टा पुरे.”

“थट्टा नाही गं. मला उशीला टेकव आधी. साहेब थकले.”

दोघींनी मिळून त्यांना खाटेवर निजवलं. आईनं खाटेखालचे कपडे बाहेर ओढले आणि मशीनपाशी बसली. एका कॉलरीची शिवण तिनं टोकापर्यंत उसवली.

“मला वाटायचं, मी तुला मान ताठ ठेवायला शिकवतेय,” ती शेवटी म्हणाली. “मान ताठ झाली ती झालीच, पण तोंड कुलूपबंद झालं. किल्ली द्यायला मी विसरले.”

“जाऊ दे, आई.”

“जाऊ काय दे? वर्ष जाईल तुझं.” आईनं मान वर केली नाही. “सोमवारी मी येते. तू गप्प उभी राहा. कुलूप मी लावलंय, मीच काढते.”

“तुला जमेल?”

“नाही जमणार. पण येते म्हटलं ना.”

रविवारी आईनं कॉलेजचा विषयही काढला नाही. दिवसभर मशीन चालली. संध्याकाळी घड्याळजींची शेवटची खुर्ची, टेबल, कप आणि घड्याळ तिनं स्वतः परत पोचवलं. तिथं ती बरीच रेंगाळली, आणि परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. इस्त्रीला एवढंच कळलं की थोड्या वेळानं घड्याळजी येऊन बाबांच्या खाटेपाशी बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, “पाठ फार दुखते का हो?”

सोमवारी इस्त्री उठली तेव्हा बाबांचा चहा झाकून ठेवलेला होता, औषध उशाशी होतं आणि मशीनवर कपड्यांचा ढीग तसाच पडला होता. आजवर तो तसा कधी पडला नव्हता. आई दारात चप्पल घालून उभी होती. तिचा चेहरा दात उपटून घ्यायला निघालेल्या माणसासारखा झाला होता. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बहुधा पाचशे शब्द जुळवत असावी.

“इतक्या लवकर?” इस्त्रीनं विचारलं. “ऑफिस दहाला उघडतं.”

“तुझं प्रॅक्टिकल साडेसातला आहे ना? तुझ्या पहिल्या बसनंच येते,” आई म्हणाली, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली.