खांबांमधली जागा

सायकलींसाठी वेगळा रस्ता मिळावा म्हणून शिवणकाम करणाऱ्या काकूंनी सायकल क्लबबरोबर सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. एक पाय अधू, म्हणून त्यांची सायकल तीनचाकी. ती दारात दिसली की साहेब लोक विरघळतात, हे क्लबच्या अध्यक्षांनी बरोबर हेरलं होतं.

आज त्या रस्त्याच्या उद्‌घाटनाला बाकीचे सुळकन आत गेले. काकूंची मागची चाकं मात्र तोंडाशीच दोन खांबांत अडकली.

"हे खांब मोटारसायकली घुसू नयेत म्हणून आहेत हो काकू," अध्यक्ष ओशाळले. "तुमचं लक्षातच आलं नाही."

"कचेरीत न्यायच्या वेळी बरं लक्षात यायचं!" काकू कडाडल्या.

खांबांपलीकडे फलक झुलत होता: 'रस्ता सर्वांचा'. त्यावर फोटो काकूंचाच होता. तीनचाकी तेवढी कापली होती.