पातळ कापड

ठमी स्टुलावर उभी राहून पडद्याच्या कड्या दांडीवर ओवत होती. दातांत पिना धरलेल्या, पडद्याचं सगळं ओझं एका खांद्यावर, आणि खाली उभ्या असलेल्या घरमालकीणबाईंची सूचनांची गाडी काही थांबत नव्हती.

"डावीकडे जरा वर गेलाय का हो?"

ठमीनं नुसती मान हलवली. पडदा वर गेला नव्हता, खिडकीच तिरकी होती. पण दातांत पिना असताना माणसानं किती बोलावं!

"बरं झालं, कबूल केल्याप्रमाणे आलात. तुमचे मालक म्हणालेच होते, आमची कारागीर बाई पाठवतो म्हणून. शब्दाचे पक्के आहेत हं तुमचे मालक."

ठमीचा हात थांबला.

"कोण मालक?" तिनं विचारलं. पिनांमुळे ते "होण माहक" असं काहीतरी ऐकू आलं.

"ते हो, चष्मेवाले. दुकानात पुढं बसतात ते. फार सभ्य गृहस्थ."

ठमीनं उरलेल्या कड्या ओवल्या. स्टुलावरून उतरून एकेक चुणी हातानं बसवली, पिना डबीत टाकल्या आणि बाहेर पडली. जिना उतरताना तिचे पाय असे काही आपटत होते की खालच्या मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं करून पाहिलं.

दुकान दोघींचं होतं. ठमीचं आणि मैनेचं. ही काही त्यांची खरी नावं नव्हेत. शाळेत एक ठमकत चालायची आणि दुसरी सतत गोड बोलायची, म्हणून पोरींनी ठेवलेली ही नावं. पण ती अशी चिकटली की पुढं सासरच्यांनीही तीच उचलली. ठमीनं उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात पडदे आणि खोळी कापण्यात घालवली. मैनेनं घर सांभाळलं, मुलीला मोठं केलं. मुलगी नोकरीला लागून परगावी गेल्यावर एक दिवस मैना ठमीच्या दारात येऊन म्हणाली, "किती दिवस दुसऱ्यासाठी राबशील गं? आपणच काढू या की पडद्यांचं दुकान."

ठमी आधी हसली, मग तिला झोप येईना. शेवटी दोघींनी आपापली गाठीची शिल्लक बाहेर काढली, रस्त्यावरचा एक अरुंद गाळा भाड्यानं घेतला, भिंतींना स्वतःच्या हातानं रंग दिला. कामाची वाटणी ठमीनंच करून टाकली. आपण आत कापायचं आणि शिवायचं, मैनेनं पुढं बसून गिऱ्हाईक बघायचं. तिच्या जिभेवर साखर होती, ठमीच्या जिभेवर सुई. गिऱ्हाइकाशी कोणी बोलावं हा काय विचार करण्याचा प्रश्न होता?

दुकान चांगलं चालू लागलं. आणि तेवढ्यात मैनेच्या नवऱ्याचं ऑफिस बंद पडलं.

पहिल्यांदा तो मैनेचा जेवणाचा डबा द्यायला आला. मग डबा रिकामा होईपर्यंत थांबू लागला. मग घरून हातांची एक खुर्ची आली, आणि ती दुकानाच्या तोंडाशी अशी बसली की आत येणाऱ्याला आधी तिचंच दर्शन व्हावं. बोट द्यावं तर मनगट धरतात, तशातला प्रकार. नमुन्याचे पडदे त्यानं रंगांप्रमाणे लावून घेतले. मग न विचारता कुणालाही "परवा मिळेल" असं सांगू लागला. ठमी मशिनीवर वाकलेली असली की पुढून हाक यायची, "ठमीताई, पाहुण्यांना जरा पाणी आणा." एकदा आणलं, दुसऱ्यांदा आणलं. तिसऱ्यांदा तिनं मैनेकडे पाहिलं.

"चार दिवस बसू दे गं," मैना हळूच म्हणाली होती. "घरी भिंतींशी बोलतात."

मैत्रिणीचा नवरा म्हणून ठमीनं ते गिळलं होतं. पण आता लोकांसमोर तो आपल्याला 'आमची कारागीर बाई' करून बसला होता. रस्ताभर तिच्या डोक्यात एकामागून एक वाक्यं तयार होत होती, आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा धारदार होतं.

दुकानात शिरली तर कापायच्या टेबलावर कापडाचा नवाकोरा तागा पडलेला. फिकट निळा. मैनेचा नवरा त्यावर हात ठेवून उभा होता. मैना मागं फळीपाशी घड्या घालत होती.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो," तो म्हणाला. "मोठं काम आणलंय. पलीकडचा बाळंतिणींचा दवाखाना आहे ना, त्यांच्या सगळ्या खाटांच्या मधे पडदे हवेत. लगेच कापायला घ्या."

तयार केलेली सगळी वाक्यं ठमी क्षणभर विसरली. हे काम तिला मनापासून आवडलं असतं. तिचा मुलगा अशाच एका दवाखान्यात झाला होता. तिथं खाटांच्या मधे काहीच नव्हतं. पहिल्यांदा बाळाला पाजताना ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि शेजारच्या खाटेभोवतीची माणसं गप्पा मारता मारता तिच्या पाठीकडे बघत होती. इतकी वर्षं झाली, तरी त्या पाठीला ते अजून जाणवायचं.

ती पुढं झाली. कापड चिमटीत धरून तिनं अंगठ्यानं चोळलं.

"हे कशाला आणलंत?"

"कशाला म्हणजे? पडद्यांना."

"भावोजी, हे अस्तराचं कापड आहे."

"असेल. दिसायला छान आहे की. डॉक्टरीणबाईंना स्वस्तात हवंय आणि लवकर हवंय. मी शब्द देऊन आलोय."

"खाटांच्या मागं खिडक्या आहेत?"

"आहेत ना. चांगल्या मोठ्या आहेत, भरपूर उजेड."

"मग ह्यातून सगळं दिसेल."

तो हसला. "अहो, तिथं बायकाच तर असतात."

ठमीच्या कानशिलांत आग पेटली.

"बायकांना बायकांसमोर लाज नसते, हे कुणी सांगितलं तुम्हाला? आणि भेटायला येतात ते? शेजारणीचा नवरा, सासरा, दीर? ते काय डोळे घरी ठेवून येतात? मी हे कापणार नाही."

"ठमीताई," तो शांतपणे म्हणाला. ऑफिसात हाताखालच्या माणसाशी बोलावं तसा त्याचा आवाज झाला. "तुमच्याकडे कापायचं काम दिलंय. काय कापायचं हे आम्ही बघू."

"दिलंय? कुणी दिलंय? तुम्ही?" ठमीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "हे दुकान मैनेचं आणि माझं आहे. तुमची इथं फक्त खुर्ची आहे!"

"मैनेचं ते माझं. आणि मैनेला चालतंय हे."

"मैनेला अजिबात चालत नाही! तिला तुमचं इथं बसणंसुद्धा चालत नाही. ती बोलत नाही, एवढंच."

"माझ्या बायकोला काय चालतं ते मला शिकवू नका. संसार केलाय तिच्याबरोबर."

"आणि मी ती फ्रॉकात होती तेव्हापासून ओळखते तिला!"

दोघंही टेबलावर हात टेकून, मधे निळा तागा घेऊन, कोंबड्यांसारखे माना पुढं काढून उभे होते. मैना फळीपासून निघालेली त्यांना कळलंही नाही. तिनं टेबलावरचा तागा उचलला. तो सुटून दाराच्या दिशेनं गडगडत गेला. दारावर नमुन्याचे पडदे टांगायची दांडी होती, तिच्यावर मैनेनं कापडाचं टोक टाकलं, ओढून जमिनीपर्यंत सोडलं आणि स्वतः त्याच्या मागं गेली.

ऊन उतरतीचं होतं, सरळ दारातून आत येत होतं. कापडामागं मैना उभी राहिली.

कापड तिच्यापुढं आहे असं वाटतच नव्हतं. तिच्या खांद्यांचा उतार, पोटाची घडी, केसातून सुटलेली बट, सगळं रेघ ओढल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. तिनं एक हात कोपरात दुमडला, मान खाली घातली आणि दुसऱ्या हातानं पदर सारल्यासारखं केलं.

"अगं, काय चाललंय!" नवरा म्हणाला.

"बाळाला पाजतेय," कापडामागून मैनेचा आवाज आला. "काय काय दिसतंय ते सांगा."

त्यानं नजर काढून घेतली. भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

"पुरे."

"पुरे काय? दिसतंय का?"

"दिसतंय," तो म्हणाला.

मैना बाहेर आली. कापड दांडीवरून ओढून तिनं ते गोळा केलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे जिथून आणलंत तिथं परत करा. डॉक्टरीणबाईंशी मी बोलते. त्यांना घ्यायचे असतील तर जाड कापडाचे घेतील, नाहीतर नको म्हणतील. आणि एक. उद्यापासून तुम्ही इथं येऊ नका."

त्यानं चष्मा काढला. काचा पुसायला त्याच निळ्या कापडाचं टोक हाताशी आलं, ते त्यानं सोडून दिलं.

"मग घरी मी काय करू?"

"मला नाही माहीत," मैना म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "इतकी वर्षं मी घरी होते. घरी मी काय करू, असं कधी विचारलं होतं मी तुम्हाला?"

त्यानं तागा वेडावाकडा गुंडाळला. मग तो छातीशी धरून पायरी उतरला. खुर्ची तिथंच राहिली.

तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ठमी कशीबशी गप्प बसली. मग तिनं टेबलावर थाप मारली.

"शाब्बास! अशी जिरवायला हवी होती! मला माहीतच होतं, तुझ्या मनात हेच आहे म्हणून. मी त्यांना सांगितलं की नाही, मैनेला हे मुळीच—"

"ठमे, तुला काय माहीत होतं?"

ठमी थांबली. मैना तिच्याकडे बघत होती. मघाशी नवऱ्याकडे बघत होती तशीच.

"ते म्हणाले मैनेला चालतंय. तू म्हणालीस मैनेला चालत नाही. मी इथं उभी होते, फळीपाशी. दोघांपैकी एकानं तरी वळून विचारलं, मैने, तुला काय वाटतं?"

"अगं, मी तुझ्याच बाजूनं भांडत होते!"

"हो ना. भांडत होतीस."

"म्हणजे मी आणि ते सारखेच का?" ठमी उसळली. "लोक मला कारागीर बाई म्हणतात! तोंडात पिना धरून ऐकून घेतलंय मी आज! तुझ्या नवऱ्याच्या पाहुण्यांना पाणीसुद्धा दिलं मी, तुझ्याकडे बघून!"

"दिलंस. चूक माझी होती. मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं." मैनेनं तोंडावरून हात फिरवला. "पण तुलाही सांगायचं राहिलंय. दिवसभर हसून माझे गाल दुखतात. मला पुढं बसायचं नव्हतं, ठमे. मला कापायला शिकायचं होतं. म्हणून तर दुकान काढू म्हणाले मी. तू पहिल्याच दिवशी मला पुढं बसवलंस. नंतर दोनदा मी कात्री उचलली, दोनदा तू हातातून काढून घेतलीस. वाया जाईल म्हणालीस."

मघापासून साठलेला राग ठमीच्या अंगात अजून तसाच होता, पण आता तो कुणावर काढावा हे तिला समजेना. ते निस्तरता न आल्यानं ती आणखीच चिडली.

"मग जाईलच की वाया! कापड म्हणजे काय खेळ आहे?"

"जाऊ दे वाया."

"आणि पुढं कोण बसणार?"

मैनेनं फळीवरून जाड करड्या कापडाचा तागा काढला. एका गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीसाठी आलेला, ठमीनं स्वतः निवडलेला. तो टेबलावर पसरून तिनं हातानं सुरकुत्या काढल्या. टेप लावली, खडूनं रेघ मारली. रेघ जरा आत वळली होती. ठमीला ती लगेच दिसली. तिचा हात आपोआप पुढं गेला, आणि मग तिनं तो कमरेवर ठेवून दिला.

मैनेनं कात्री उचलली.

तेवढ्यात पायरीवर कुणीतरी आलं. एक तरुण जोडपं, हातात खिडकीच्या मापाचा दोरा घेतलेलं, आत यावं की न यावं अशा घोळात. मैनेनं मान वर केली नाही.

ठमी पुढं गेली. हसायचं असतं एवढं तिला ठाऊक होतं, म्हणून ती हसली. त्या मुलीनं नवऱ्याचा दंड धरला.

"बोला," ठमी म्हणाली. चौकशीला बोलावलेल्या माणसाला म्हणावं तसं ते निघालं. तिनं घसा खाकरला. "या ना. बसा. काय दाखवू?"

मागं कात्री सुरू झाली. जाड कापडातून जाताना तिचा आवाज येतो तसा, सावकाश, कचकच. मधेच ती अडली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा अडली आणि बराच वेळ आवाजच आला नाही.

ठमीनं मागं वळून पाहिलं नाही.

"खिडकी कुठल्या दिशेला आहे तुमची?" तिनं त्या मुलीला विचारलं. आणि उत्तराची वाट बघत थांबली.