गाभ्यातली सुतळी

बलभीम मिस्त्रीला पदरात पाडून घ्यायची होती ती मोंबासाची नोकरी. जळकोटच्या हमरस्त्यावरचा कारखाना बंद करून पंपांचं ओतकाम आफ्रिकेत न्यायचं कंपनीनं ठरवलं होतं. मॅनेजर दत्तोपंत म्हणाले, "तिकडून ओमारी नावाचा पोरगा येतोय. त्याला शिकव. अडला, तर तुला तिकडं बोलावून घेऊच की."

'अडला, तर' एवढं बलभीमनं ऐकलंच नाही. गौराबाईनं नेमकं तेवढंच ऐकलं.

"एक गोष्ट हातची राखा. समदं शिकिवलं की तुमची गरज काय त्यास्नी?"

"लई शहाणी!" म्हणत त्यानं बायकोचंच ऐकलं.

ओमारी आला. तिकडच्या गुजराती दुकानांतून उचललेलं हिंदी बोलायचा, ठेचा खाऊन डोळे पुसायचा. माती मळायला, साचा दाबायला, लोखंडाचा रस ओतायला शिकला. पण पंपाच्या पोटात पोकळी राहावी म्हणून साच्यात मातीचा गाभा बसवतात, तिथं त्याचं घोडं अडायचं. त्याच्या गाभ्यात हवा कोंडायची नि लोखंडाला भोकं पडायची. बलभीम आपला गाभा एकटाच करून ठेवी.

दसऱ्याला ओमारी घरी आला. गावकऱ्यांचं बघून त्यानं आपट्याची पानं बलभीमच्या हातात ठेवली आणि पायांवर डोकं टेकलं.

"उस्ताद, मेरा बाप नहीं है."

जुन्या मिस्त्र्यांची रीत अशी, की दसऱ्याला पाया पडलेल्याच्या तोंडात गूळ घातला की तो शागीर्द झाला. मग त्याच्यापासून काही लपवायचं नाही. बलभीम नुसताच उभा.

"अवो, दगडावानी काय उभारलाव? लेकरू वाकलंय!" गौराबाईनं गुळाचा खडा नवऱ्याच्या हातात कोंबला नि त्यानं तो ओमारीच्या तोंडात घातला. तिचं एकही मूल जगलं नव्हतं. रीत तिला ठाऊक होती. त्या वाकलेल्या पाठीकडं बघून ती रीत विसरली, की आठवूनच तिनं गूळ दिला, हे तिनं कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बलभीमनं ओमारीदेखत गाभ्यात मेण लावलेली सुतळी घातली. धगीनं ती जळते, हवेला वाट राहते. ओमारीनं बिनभोकाचा पंप काढला आणि उस्तादालाच उचलून घेतलं.

"कब आओगे?" जाताना त्यानं विचारलं.

"बुलाव, आता हूँ."

तिकडं कुणाचं काही अडलंच नाही. इकडं भट्टी विझली. बलभीम सडकेवर खडी फोडायला लागला.

आता हिशेब. कंपनीला पंप मिळाले, ओमारीला विद्या, दत्तोपंतांना पुण्यात खुर्ची. बलभीमनं हातातली कला दिली आणि मोकळा झाला. "तूच दिलास गूळ," असं तो बायकोला एकदाही म्हणाला नाही. म्हणून गौराबाईच्या डोक्यावरचं देणं फिटलंच नाही.