माझी पांढरी वायर

मित्रांनो, मी विजेवर चालणारी एक जुनी, हलकी सायकल आहे आणि मी भयंकर रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक उसासे टाकतात. छत्री टाकते, फळा टाकतो, घड्याळ तर टिकटिक सोडून तेवढंच करतं. मला उसासे जमत नाहीत. माझ्यावर अन्याय झाला आहे. तो कुणी केला, कसा केला आणि किती प्रेमाने केला, ते मी सांगणार आहे. हो, प्रेमाने. राग त्याचाच जास्त आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. अॅल्युमिनियमच्या नळ्या जोडून माझा सांगाडा उभा केला. मागच्या चाकात लहानशी मोटर बसवली, पोटात बॅटरी सरकवली आणि सीटखालच्या काळ्या डबीत एका पांढऱ्या वायरीचं वेटोळं ठेवलं. ती वायर म्हणजे माझा लगाम. ती जोडलेली असेपर्यंत कुणी कितीही मूठ पिळली तरी मी धावणाऱ्या माणसाच्या थोडी पुढे जाणार, त्याहून जास्त नाही. शिंपी अंगाचं माप घेऊन सदरा शिवतो, तसे माझे ब्रेक त्या वेगाचं माप घेऊन बसवले होते. टायर, रिम, सगळं त्याच मापाचं. म्हणून मी हलकी होते. म्हणूनच मला चालवायला परवाना लागत नसे आणि गल्लीबोळांतून जायची मोकळीक असे. सरळ सौदा होता. मी हळू जाईन, तुम्ही मला जाऊ द्या.

दुकानात मात्र या सौद्याची कुणाला पडली नव्हती. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "किती पळते?" जशी काही मी चोर आणि मागे पोलीस!

मग एके दिवशी ताई आली. ताई नर्स होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा धुवायची, मलमपट्टी करायची. सगळे तिला ताईच म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. सोबत तिचा नवरा होता, लॉरी चालवणारा. छाती पुढे, आवाज मोठा. त्याने सरळ जाऊन कोपऱ्यातल्या रुंद टायरच्या, दोन आरशांच्या धिप्पाड सायकलवर हात ठेवला.

"ही घे. निदान गाडी तरी वाटते."

"अहो, मला शर्यतीत नाही जायचं, जिन्यात जायचंय," ताई म्हणाली. तिने एकेक सायकल उचलून पाहायला सुरुवात केली. दुकानदार बघतच राहिला. ती धिप्पाड बया जागची हलली नाही. "हिला उचलायला आणखी एक नर्स ठेवावी लागेल," असं म्हणत ताई माझ्याकडे आली आणि मला एका हाताने वर घेतलं. "ही."

"ही? अगं, कुणी शिंकलं तरी पडेल ही!"

"मग तुम्ही शिंकू नका."

अशी माझी निवड झाली. मला आजही तिचा अभिमान वाटतो.

पुढची वर्षं सुखाची गेली. सकाळी ताई औषधांची पिशवी माझ्या टोपलीत ठेवायची आणि आम्ही निघायचो. जिथे रिक्षा शिरत नाही तिथे मी शिरायचे. पायऱ्या आल्या की ताई मला उचलायची आणि बोळकांडीत भिंतीला टेकवून ठेवायची. तिथून मला आतलं सगळं ऐकू यायचं. एका आजोबांच्या पायाला जुनी जखम होती, रोज धुवावी लागायची. ते म्हणायचे, "ताई, तुझ्या सायकलची घंटा ऐकली की पाय आधीच कण्हायला लागतो बघ."

"पायाला सांगा, घंटा ऐकू आली नाही तर जास्त कण्हावं लागेल," ताई सांगायची. खरंच होतं ते. एक खेप चुकली की त्या जखमेत पू धरायचा.

आता नवऱ्याकडे वळते. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. वाईट असता तर मला इतका राग आला नसता. एकदा तो लॉरी घेऊन मोठ्या रस्त्याने येत होता आणि उंच केबिनमधून त्याला आम्ही दोघी दिसलो. आमच्या मागे एक ट्रक हॉर्न वाजवत येत होता. त्या संध्याकाळी तो भरलं ताट तसंच ठेवून उठला.

"त्या सायकलवर तुला पळता येत नाही गं," तो म्हणाला.

"मला पळायचंच नाहीये. पोचायचंय."

पण तो ट्रक काही त्याच्या मनातून जाईना. जन्मभर त्याने एकच धडा गिरवला होता. धोका मागून येतो आणि त्यावर उपाय म्हणजे दाब पाय आणि नीघ पुढे. लॉरीला हे ठीक आहे. लॉरीचे ब्रेकही लॉरीएवढे असतात.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ताईचा डोळा लागला आणि त्याने मला हळूच मिस्त्रीच्या दुकानात नेलं.

"वायर ना, मामा?" मिस्त्रीने न सांगता ओळखलं.

"हो. पण तिला कळता कामा नये."

"बायकोला सांगून कोण कापतो? तुमचा चहा संपायच्या आत देतो."

"ब्रेकचं काही करायला लागेल का?"

"ब्रेक आहेत की!"

संपलं. घाट उतरण्याआधी स्वतःच्या लॉरीचे ब्रेक दोनदा तपासणारा हा माणूस, त्याने एवढ्या उत्तरावर समाधान मानलं आणि चहा फुंकून प्यायला. पक्कड आली, कट् असा आवाज झाला आणि माझा लगाम तुटला. मला कुणी विचारलं? नाही. जिच्या हातात माझी मूठ होती, तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "आज अगदी वाऱ्यावर स्वार आहेस गं!" तिला वाटलं, बॅटरी छान भरली असेल. ती बेसावध होती आणि मला तोंड नव्हतं. त्याच आठवड्यात दवाखान्याच्या उतारावर समोर भाजीची हातगाडी आडवी आली. ताईने दोन्ही ब्रेक आवळले. ब्रेकचे रबरी गुटके किंचाळले, रिम तापली, पण मी थांबेना. सदरा लहान मुलाचा आणि अंग पैलवानाचं, शिवण उसवणारच. हातगाडीवाल्याला वाचवायला ताईने मला भिंतीकडे वळवलं. माझ्या पुढच्या चाकाचा आठ झाला. ताईचं उजवं मनगट मोडलं.

ते मनगट म्हणजे तिचा धंदा होता, मित्रांनो. त्याच हाताने ती जखमा धुवायची.

घरी नवरा तिला भरवायचा, तिची वेणी घालायचा, वाकडी घालायचा. एका संध्याकाळी फणी हातात धरूनच तो बोलून गेला. "वायर मी कापून घेतली होती. मागून ट्रक आला तर तुला पळता यावं म्हणून."

ताईने अर्धवट वेणीसकट मान वळवली. मग म्हणाली, "पेशंटला लवकर बरं वाटावं म्हणून मी त्याला न सांगता औषध दुप्पट केलं, तर तुम्ही मला काय म्हणाल?"

त्याने फणी खाली ठेवली.

तिकडे आजोबांचा पाय सुजला. दुसरी नर्स होती, पण ती पायी यायची, तीही एक दिवसाआड. ताईच्या बहुतेक सोबतिणी माझ्यासारख्याच हलक्या सायकलींवर फिरायच्या, आणि आता त्यांच्यावरही संकट आलं. शहरात असे आणखी अपघात झाले होते आणि वाहतूक खात्याच्या साहेबांनी ठरवलं होतं की हलक्या सायकलींवर सरसकट बंदी घालायची. आधी एक सुनावणी होणार होती. अपघातातल्या सायकली पुरावा म्हणून सभागृहात आणायच्या होत्या. त्यांत मीही होते.

आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "तू काही बोलू नकोस. डबी उघडून कोण बघतंय? बंदी काय, चार दिवस राहते, मग सगळे पुन्हा चालवायला लागतात. पण वायर कापलेली दिसली तर आपली सायकल गेलीच म्हणून समज. झाकली मूठ राहू दे."

सभागृहात मला वाकड्या चाकासह उभं केलं. साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या सायकली मुळातच धोकादायक आहेत. यांना रस्त्यावर जागा नाही."

मुळातच! माझ्या अंगाची लाही लाही झाली. कापणारा मोकळा, कापून घेणारा मोकळा आणि शिक्षा मला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तेवढ्यात ताईने डावा हात वर केला. उजवा प्लास्टरमध्ये होता. "साहेब, तिची सीटखालची डबी जरा उघडा."

डबी उघडली. पांढऱ्या वायरीची दोन टोकं बाहेर लोंबली.

"कुणी कापली?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याने कापून घेतली. ते काय, मागच्या बाकावर बसलेत. अहो, मान खाली कशाला घालता? उभे राहा."

तो उभा राहिला. एवढा मोठा आवाज, पण पुढच्या बाकापर्यंतही पोचेना. "हो. मला वाटलं की..."

"काय वाटलं ते घरी सांगून झालंय," ताई म्हणाली. "साहेब, बाकीच्या डब्याही उघडा. आणि मग सांगा, आमच्या सायकली बंद केल्यावर माझ्या पेशंट आजोबांच्या पायाची जखम धुवायला कोण जाणार आहे? तुम्ही?"

सभागृहात हशा पिकला, पण साहेब हसले नाहीत. त्यांनी डब्या उघडायला लावल्या. जवळजवळ सगळ्यांची तीच गत होती.

बंदी टळली. दरवर्षी वायर तपासायची, तिला सील लावायचं आणि कापलेली सापडेल ती सायकल कायमची जप्त, असा नियम झाला. पहिली जप्ती माझीच झाली. कुणीतरी पुटपुटलं, "हात दाखवून अवलक्षण!" ताईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती माझ्या सीटवर डावा हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली.

आता मी जप्तीच्या आवारात उभी आहे. कुंपणाबाहेरच्या रस्त्याने ताई पायी जाताना दिसते. मनगट अजून पुरतं वळत नाही, पण मलमपट्टी पुन्हा सुरू झाली आहे. आजोबांचा पाय वाचला. सुट्टी असेल त्या दिवशी नवरा तिची पिशवी घेऊन मागून चालतो. तिच्या चालीने. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाला ओव्हरटेक करत नाही.

आणि मिस्त्री? त्याला काही झालं नाही. नियमाला सायकल दिसते, पक्कड दिसत नाही. रस्त्यापलीकडेच त्याचं दुकान आहे. त्यावर नवीन पाटी लागली आहे, 'वेग वाढवून मिळेल'.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमचंही कुणी मायेचं माणूस म्हणेल, "जरा वेग वाढवून घेऊ, तुझ्याच भल्यासाठी." त्याला तोंडावर नाही म्हणा. वडील असोत, नवरा असो, भाऊ असो. आमचा जीव आमच्या मापातच आहे, आणि आमच्यावर बसणाऱ्याचाही. तुमच्यातलं कुणी त्या साहेबांच्या खुर्चीत बसलंच, तर जप्तीची गाडी आधी त्या दुकानासमोर उभी करा. वेळ लावू नका. कालच एक नवी कोरी सायकल माझ्या शेजारी आणून टाकली. तिच्या वायरीच्या टोकाचं तांबं अजून चकाकतं आहे.